अमिरातीच्या ओहोटीवर

संयुक्त अरब अमिराती या सात संस्थानांच्या राष्ट्रास समुद्र दोन आहेत, आणि ते एकमेकांसारखे मुळीच नाहीत. अबू धाबी, दुबई, शारजा, अजमान, उम्म अल कुवैन आणि रास अल खैमा यांचा मुख्य किनारा पश्चिमेकडील आखातावर पसरला आहे. हे आखात उथळ आहे. त्याची सरासरी खोली ३५ मीटरांच्या आसपास. पाणी अतिशय खारट, किनारा सपाट, आणि जमीन कोठे संपली व समुद्र कोठे सुरू झाला हे कित्येक ठिकाणी ओहोटी-भरतीच ठरविते. फुजैरा, आणि शारजाच्या ताब्यातील खोर फक्कान व कलबा ही गावे मात्र पूर्वेस ओमानच्या आखातावर आहेत. तेथे हजर पर्वताचे उघडेबोडके डोंगर समुद्राच्या जवळ येऊन ठाकतात, पाणी लवकर खोल होते, आणि अरबी समुद्राकडून आलेली लाट वाळूवर येऊन फुटते.

समुद्र दोन म्हणून काठावरच्या माणसाचे उद्योगही दोन. पश्चिमेस ओहोटीची वाट पाहावयाची आणि चिखलवाळूतून शिंपले उकरावयाचे. पूर्वेस लाटेत कमरेइतके उभे राहून जाळे ओढावयाचे. मोती काढणाऱ्यांविषयी आणि मोठ्या गलबतांच्या नाखव्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्यापाशी भांडवल होते, मुंबईच्या बाजारात पत होती, हिशेबाच्या वह्या होत्या. पायांनी चिखल चाचपणाऱ्याची वही कोणी ठेवली नाही. मॉरिशसच्या किनाऱ्यावर ज्यांच्या आजीने ओंजळ-ओंजळ वाळू चाळून इवलेसे तेक-तेक गोळा केले आणि रात्री त्यांचा कढ पानात वाढला, त्यांना या माणसाची ओळख निराळी करून द्यावयास नको.

वही नसली तरी त्याच्या उद्योगाची नोंद भूमीने ठेवली आहे. उम्म अल कुवैनच्या खाजणाभोवती, बेटांवर आणि वाळूच्या उंचवट्यांवर, प्राचीन माणसाने खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे थरच्या थर सापडतात. त्यांपैकी एका ठिकाणी सुमारे ७,५०० वर्षांपूर्वीच्या दफनात मोती मिळाला. पुढे अबू धाबीच्या मरावा बेटावर त्याहूनही जुना, सुमारे ८,००० वर्षांपूर्वीचा मोती हाती आला आणि २०१९ साली तो लोकांना पाहावयास ठेवण्यात आला. वर्तमानपत्रांनी मोत्याचे कौतुक केले, ते योग्यच. परंतु मोती हा त्या माणसाला जेवता जेवता सापडलेला असणार, ही गोष्ट अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याला हवे होते ते शिंपल्यातील मांस, आणि शिंपही त्याने वाया जाऊ दिली नाही. उम्म अल कुवैनच्या अकाब बेटावर मोत्याच्या शिंपीपासून कोरून काढलेले मासेमारीचे गळ सापडले आहेत. त्याच बेटावर सुमारे ५,५०० वर्षांपूर्वी समुद्रगाईंच्या हाडांची एक रचना उभारली गेली. ती नुसती उकिरड्यासारखी टाकलेली नसून मुद्दाम मांडलेली आहे. समुद्रापुढे हात जोडण्याची बुद्धी नारळी पौर्णिमेहून किती जुनी आहे, हे त्यावरून कळावे.

पूर्वेकडे, कलबाच्या खाडीत, अमिरातीतील सर्वांत जुने मानले गेलेले खारफुटीचे वन आहे. तेथील कांस्ययुगीन वस्तीच्या ढिगाऱ्यांत बोटाहून लांब, जाड कवचाची, मळसूत्रासारखी खारफुटीतील गोगलगाय मोठ्या प्रमाणात आढळते. एके काळी ही गोगलगाय आखाताच्या काठीही पुष्कळ ठिकाणी होती. खारफुटी आटत गेली तशी ती तेथून नाहीशी झाली. आज अमिरातीत ती कलबालाच उरली आहे. २०१२ साली शारजाच्या शासनाने हे वन संरक्षित म्हणून जाहीर केले आणि २०१३ साली त्यास आंतरराष्ट्रीय पाणथळ प्रदेशांच्या यादीत स्थान मिळाले. अर्थात् आता तेथे कोणी पाटी घेऊन उतरू शकत नाही.

शिंपले उकरणे हे काम दिसावयास सोपे आहे, म्हणूनच त्याची कोणी विद्या मानीत नाही. प्रत्यक्षात ती विद्याच होय. शिंपला वाळूत पुरलेला असतो आणि दोन बारीक नळ्यांनी पाणी आत-बाहेर करून त्यातील सूक्ष्म अन्न गाळून घेतो. पाणी ओसरले की त्या नळ्यांच्या जागी वाळूवर दोन छिद्रे, किंवा दोन्ही मिळून कळीच्या आकाराची एक खूण, शिल्लक राहते. खेकड्याचे बीळ निराळे, किड्याची वळी निराळी, आणि ही खूण निराळी. सरावलेली नजर चालता चालता ती टिपते. पाऊल जड पडले तर प्राणी नळ्या ओढून घेतो, पाण्याची एक चिळकांडी उडते, आणि मग तो आपल्या मांसल पायाच्या जोरावर खाली खाली सरकू लागतो. म्हणून उकरावयाचे ते शेजारून, तिरपे आणि चटकन. जेथे घोटाभर पाणी उरलेले असते तेथे डोळ्यांचा उपयोग नाही. तेथे टाच गोल गोल फिरवून तळव्यालाच विचारावे लागते. कोकणात खाडीच्या मुखाशी तिसऱ्या, शिवल्या, मुळे नि खुबे काढणाऱ्या बायका हेच करतात. उम्म अल कुवैनच्या खाजणात सुटीच्या दिवशी पातेले घेऊन वाकलेली परदेशी मजुरांची माणसेही हेच करतात. वाळू सारखी, शिंपला जवळजवळ सारखा, म्हणून हातही सारखा.

या विद्येचा अर्धा भाग मात्र वाळूत नसून आकाशात आहे. कोकणातील दर्यावर्दी माणसाला भरतीचे कोष्टक पाहावे लागत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा त्याचा पाठ. चतुर्थीस तीन वाजता भरती, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी पुरी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाला पाणी जितके चढते तितकेच ते दूर ओसरते, म्हणून शिंपल्यांचा दिवस उधाणाचा. भांगाच्या दिवशी पाटी घेऊन जाणारी सून नवखी समजावी.

हा पाठ घेऊन रत्नागिरीचा माणूस अमिरातीत आला की त्याची प्रथम फसगत होते. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आत शिरलेली भरतीची लाट त्या उथळ आखातात निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या वेळी पोहोचते. अबू धाबीची भरती एका घटकेला, तर रास अल खैमाची दुसऱ्या. शिवाय दिवसातील दोन ओहोट्यांपैकी एक खोल आणि दुसरी लटकी असा प्रकार होतो. तेव्हा पाऊणपटीचा हिशेब घड्याळापुरता चुकतो. दिवसापुरता मात्र चुकत नाही. उधाण येथेही चंद्राच्याच आज्ञेने येते. पंचांगातील तिथी आणि हिजरी महिन्याची तारीख या दोहोंचा उगम एकाच चंद्रात असल्यामुळे कोकणी माणूस आणि अरब कोळी एकमेकांची भाषा न कळताही एकाच संध्याकाळी एकाच खाजणावर येऊन उभे राहतात. पाणी मुंबईसारखे चार-पाच मीटर उतरत नाही, दीड-दोन मीटरच उतरते. परंतु तळ इतका सपाट की तेवढ्याने शेकडो पावले वाळू उघडी पडते. मॉरिशसच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा फरक कसाबसा हातभर. तेथे समुद्र दूर जात नाही. म्हणून तेक-तेक काढणारा लाटेच्या फेसातच बसलेला असतो.

चंद्राखेरीज आणखी एक साक्षीदार आहे. अमिरातीतील जुने कोळी वर्षाची गणना ‘सुहैल’ या ताऱ्याच्या उदयापासून करीत आणि वर्षाचे दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडून कोणत्या तुकड्यात कोणता वारा व कोणती मासळी हे सांगत. ऑगस्टच्या अखेरीस पहाटे हा तारा दक्षिण क्षितिजावर दिसू लागला की उन्हाळ्याचा कहर सरला असे समजत. सुहैल म्हणजेच आपला अगस्त्य. ज्या ऋषीने एका आचमनात समुद्र पिऊन टाकला आणि तळाशी दडलेले कालेय दैत्य देवांना उघडे करून दिले, त्याच्या नावाचा हा तारा. अगस्त्योदयाने गढूळ पाणी निवळते हा संकेत कालिदासाच्या रघुवंशातही आला आहे, आणि पावसाळ्यानंतर कोकणातील खाड्यांचे पाणी निवळू लागते ते याच दिवसांत. अबू धाबीत हा तारा क्षितिजापासून बारा-तेरा अंशांपेक्षा वर चढत नाही. रत्नागिरीत वीस अंशांपर्यंत येतो. आणि मॉरिशसमध्ये तो दक्षिणेस सत्तावन्न अंश उंच झळकतो. समुद्र आटविणाऱ्याचा तारा ओहोटीच्या माणसांनी आपला मानावा, यात नवल ते काय?

ओहोटीवरच आधारलेली ‘हदरा’ नावाची आणखी एक युक्ती या आखातावर आहे. खजुरीच्या झावळ्यांच्या दांड्या दोरीने बांधून किनाऱ्यापासून समुद्राच्या दिशेने एक लांब कुंपण उभे करावयाचे आणि त्याच्या शेवटी आत वळलेल्या तोंडाचे कोंडवाड्यासारखे आवार करावयाचे. भरतीबरोबर मासे उथळात चरावयास येतात. पाणी फिरले की ते खोल पाण्याकडे निघतात, वाटेत कुंपण लागते, आणि कुंपणाच्या कडेकडेने जाता जाता आवारात शिरतात. बाहेर पडण्याची वाट त्यांना सापडत नाही. पुरी ओहोटी झाली की मालक चालत जातो आणि मासे उचलतो. आता झावळ्यांची जागा लोखंडी जाळीने आणि खांबांनी घेतली आहे, परवाना लागतो, आणि असे सापळे पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत. या साधनाचा मोठा गुण असा की मासा शेवटपर्यंत जिवंत असतो. नको तो सोडून देता येतो.

आता पूर्वेकडे वळावयाचे. हजर पर्वताच्या खिंडीतून दिब्बा, खोर फक्कान किंवा फुजैरास उतरले की कोकणच्या माणसाला आपण मालवणास किंवा आचऱ्यास आलो की काय, असा क्षणभर भास होतो. डोंगर उघडे आहेत, माड नाहीत. पण वाळूवर जे चालले आहे ते ओळखीचे आहे. एक होडी किनाऱ्याशी दोराचे एक टोक ठेवून निघते, लांबलचक जाळे अर्धवर्तुळात टाकीत जाते, आणि दुसरे टोक घेऊन दूरच्या अंगास पुन्हा वाळूस लागते. मग दोन्ही टोके ओढावयाची. अरबीत या जाळ्यास ‘यारूफ’ म्हणतात. सिंधुदुर्गात हीच रापण.

येथील जुनी होडी मात्र पाहण्यासारखी होती. ‘शाशा’ नावाची ती होडी लाकडाची नव्हेच. खजुरीच्या झावळ्यांचे दांडे एकास एक बांधून, आत झावळ्यांची फुगीर बुंधे भरून ती तयार होई. पाणी तिच्यातून आरपार जाई, म्हणून ती उलटली किंवा लाटेने भरली तरी बुडण्याचा प्रश्न नसे. कोळी ओल्या अंगाने तिच्यावर बसलेला असे. काही महिन्यांत ती पाणी पिऊन जड होई, मग वाळवावी लागे, आणि शेवटी दुसरी बांधावयाची. ज्या देशात सागवान मलबारातून आणावा लागे, त्या देशातील गरिबाने आपल्या अंगणातील झाडापासून केलेली ही होडी.

यारूफमध्ये मुख्यतः तारलीसारखी आणि मांदेलीच्या जातीची बारीक मासळी सापडते. ती वाळूवर पसरून उन्हात वाळवितात. चांगली ती माणसांच्या पानात जाते. भातावर भुरभुरण्यासाठी तिची पूडही करतात. उरलेली गुरांच्या गव्हाणीत आणि खजुरीच्या आळ्यात. चौदाव्या शतकात इब्न बतूता शेजारच्या धोफार प्रांतात गेला, तेव्हा जनावरे मासळीवर पोसली जातात हे पाहून तो चकित झाला होता. कोकणी माणूस चकित झाला नसता. त्याच्या माडाच्या बुडाशीही मासळीचे खत पडत आले आहे.

रापणीचे खरे वैशिष्ट्य जाळ्यात नसून वाटणीत आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण एकट्याची नसे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि दोराला हात लावील त्याचा वाटा. विधवा बाई आली आणि दोर ओढला तर टोपलीत काही ना काही पडेच. फुजैराच्या किनाऱ्यावरही नाते-गोत्यातील माणसे मिळून जाळे ओढीत आणि मासळी वाटून घेत. पुढे काळ पालटला. अबू धाबीचे तेल १९६२ साली आणि दुबईचे १९६९ साली परदेशी जाऊ लागले. २ डिसेंबर १९७१ रोजी संघराज्य स्थापन झाले. मुलगे शाळेत, कचेरीत, सैन्यात गेले. दोर ओढावयास माणसे उरेनात. तेव्हा दोराचे टोक मोटारीस बांधण्यात आले, आणि मोटारीने जे होत नाही ते करावयास हिंदुस्थान, बांगलादेश, पाकिस्तान येथून पगारी माणसे आणण्यात आली. वाट्याची जागा पगाराने घेतली. कोकणात तेच निराळ्या वाटेने झाले. यांत्रिक नौका आल्या, आणि किनाऱ्याकडे येणारा मासा वाटेतच उचलला जाऊ लागला. त्या भांडणातून १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. भांडण अद्याप मिटलेले नाही.

रापण मोडली, शेतीत भागेना, आणि मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावल्या. त्या आधीपासूनच रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली, खेड, चिपळूण, मंडणगड या तालुक्यांतून माणसे आखाताकडे जाऊ लागली होती. कोणी गवंडी, कोणी वाहनचालक, कोणी जाळे ओढणारा. हा प्रवास करारावरचा आहे. करार हा शब्द मॉरिशसच्या मराठी माणसास शिकवावा लागत नाही. त्याचे पूर्वजही याच जिल्ह्यातून आणि आसपासच्या मुलखातून, मुंबई बंदरातून, सही किंवा अंगठा देऊन निघाले होते. साखरेच्या मळ्यावर एक दिवस गैरहजेरी लागली तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्यानंतर छायाचित्राचा दाखला अंगावर बाळगल्याविना रस्त्याने हिंडण्याचीही चोरी होती. आजचा करार तसा नाही. परतीचे तिकीट आहे, घरी रोज बोलणे होते, भर उन्हाळ्यात दुपारच्या वेळी उघड्यावर काम करविण्यास कायद्याने मनाई आहे. तुलना फार ताणू नये. पण वर्षानुवर्षे कुटुंबाविना राहणे, आणि आठवड्यातून एक दिवस आपला असणे, हे दोन्ही करारांत सारखेच.

तो एक दिवस ओहोटीशी जुळावा लागतो. मजुरांची सुटी पूर्वी शुक्रवारी असे. १ जानेवारी २०२२ पासून सरकारी आठवडा बदलल्यावर पुष्कळांची ती रविवारी आली. उधाणे महिन्यातून दोन. त्यांपैकी एखादे सुटीच्या सकाळी पडेल तर पडेल. पडले की चार-सहा जण मिळून निघतात. गळ टाकणाऱ्याने शासनाचा परवाना घ्यावयाचा असतो. १९९९ च्या संघीय कायद्याने समुद्रातील जिवांचे रक्षण सांगितले आहे, संरक्षित खाजणांत पाय टाकावयाचा नाही, आणि सुरमईसारख्या मासळीलाही विणीच्या दिवसांत हात लावावयाचा नाही. हे निर्बंध जाचक वाटले तरी अन्याय्य म्हणता येत नाहीत. २००८-०९ साली या किनाऱ्यावर तांबडे पाणी आले होते. सूक्ष्म जिवांच्या त्या लाटेने मासे मेले, समुद्राचे पाणी गोडे करणारे कारखाने बंद ठेवावे लागले. पाणी गाळून जगणाऱ्या शिंपल्यात पाण्याचा सारा दोष साठतो, हे त्या वेळी पुष्कळांच्या ध्यानात आले.

खरी अडचण परवान्याची नाही, जागेची आहे. शिंपला उघडी वाळू मागतो. २००१ पासून दुबईच्या समुद्रात ताडाच्या आकाराचे बेट उभे राहिले; नंतर इतरत्रही भराव पडले, धक्के बांधले गेले, उपाहारगृहे आली. ज्या उथळात ओहोटी उतरे तेथे आज इमारतींच्या खिडक्या आहेत. महाराष्ट्रात १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरांची मर्यादा घातली, आणि तेव्हापासून तिच्यात पळवाटा शोधणे चालू आहे. मॉरिशसमध्ये फ्रेंच अमदानीपासून किनाऱ्याची ८१.२१ मीटर रुंदीची पट्टी सरकारी मालकीची राखलेली आहे, तरी भाडेपट्ट्याने ती हॉटेलांच्या कुंपणात कशी जाते हे तेथील लोक जाणतात. श्रीमंताला समुद्र दिसावा लागतो आणि गरिबाला त्यात उतरावे लागते. दोघांना एकच वाळू पुरत नाही. उम्म अल कुवैनचे खाजण अद्याप बरेचसे मोकळे आहे. दुबई-शारजाहून माणसे एवढे अंतर तुडवीत तेथे जातात ती याच कारणाने.

पाणी फिरू लागले की निघावे लागते. सपाट वाळूवर भरती समोरून येत नाही. ती ओहोळांतून मागच्या बाजूने येऊन वाट अडविते, म्हणून अनुभवी माणूस सर्वांच्या आधी वळतो. लहान शिंपले तेथेच टाकावयाचे. खोलीवर आल्यावर उरलेले मिठाच्या पाण्यात तीन-चार तास ठेवावयाचे, म्हणजे ते वाळू ओकून टाकतात. मग विळीवर एकेक उघडून, मांस ज्या शिंपीस चिकटले असेल ती ठेवून दुसरी टाकावयाची. हे काम गावी कधी पुरुषाने केलेले नसते. आईने ते कसे केले हे दारात बसून पाहिलेले असते, एवढ्यावर आठ माणसांच्या खोलीतील एक जण ते करतो. खोबरे दुकानातील, आमसूल घरून आलेले. कांदा परतल्याचा वास गॅलरीत जातो आणि शेजारच्या खोलीतील केरळी माणूस न विचारता ताट घेऊन येतो. रात्री उशिरा रिकाम्या शिंपा पिशवीत बांधून खाली ठेवतात. त्यांचा ढीग कोठे साचत नाही. पहाटे नगरपालिकेची गाडी येऊन ती नेते, आणि तिच्या मागोमाग कामावर नेणारी बस येते.